फिश्चुलाची तपासणी: डॉपलर की फिश्चुलोग्राम?

डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेला फिश्चुला नीट चालेनासा झाला, म्हणजे हात सुजू लागला, सुई काढल्यावर रक्त लवकर थांबेना किंवा यंत्रावर शिरेतला दाब वाढलेला दिसू लागला, की प्रश्न येतो तो डॉपलर सोनोग्राफी करावी की फिश्चुलोग्राम.

डॉपलरमध्ये सुई नाही, क्ष-किरण नाहीत आणि रंगद्रव्यही नाही; शिवाय शीर कुठे अरुंद झाली आहे याबरोबरच दर मिनिटाला किती रक्त वाहते हेही मोजता येते, आणि हा प्रवाह मिनिटाला ५०० मिलिलीटरच्या खाली गेला तर अडथळ्याची शंका बळावते. नवा फिश्चुला सुई टोचण्याजोगा झाला का, हे पाहायलाही हीच तपासणी सोयीची. मात्र तिची अचूकता करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते, आणि गळपट्टीच्या हाडामागच्या व छातीतल्या मोठ्या शिरा तिला नीट दिसत नाहीत. पूर्वी मानेत किंवा छातीत कॅथेटर (शिरेतली नळी) बसवलेल्या रुग्णांत अडथळा नेमका तिथेच असू शकतो.

फिश्चुलोग्राममध्ये आयोडीनयुक्त रंगद्रव्य सोडून फिश्चुल्यापासून हृदयापर्यंतचा मार्ग क्ष-किरणांखाली पाहतात. ही तपासणी खर्चिक आहे, रंगद्रव्याची ॲलर्जी होऊ शकते, आणि मूत्रपिंडांचे थोडे काम शिल्लक असलेल्यांत रंगद्रव्याने ते बिघडू नये हेही सांभाळावे लागते. पण अरुंद जागा सापडताच त्याच बैठकीत फुग्याने रुंद करता येते, ही सोय डॉपलरने केवळ निदान करताना मिळत नाही.

म्हणून माझ्या मते सुरुवात डॉपलरने करावी. पण संपूर्ण हात सुजला असेल, तर अडथळा डॉपलरला नीट न दिसणाऱ्या छातीतल्या मोठ्या शिरांत असू शकतो, म्हणून थेट फिश्चुलोग्राम करणेच शहाणपणाचे.