गिटहबचा पुल रिक्वेस्ट रिव्ह्यू: सीनियर झाल्यावर कितपत पुरतो?

नवख्या इंजिनियरसाठी गिटहब म्हणजे कोड द्यायची जागा. टिकेट (नेमून दिलेलं काम) घ्यायचं, ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढायची, पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट (बदल मूळ कोडमध्ये घ्यायची विनंती) टाकायचा, कोणी अप्रूव्ह केला की मर्ज, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये. सीनियर झालं की दिवसाचा मोठा वाटा दुसऱ्यांचा कोड वाचण्यात जातो आणि त्यापुढच्या पायरीवर तर कोड लिहिला जाण्याआधीच निम्मं काम व्हावं लागतं. या बदलत्या कामाला गिटहब कुठवर साथ देतं, हे या परीक्षणात पाहिलं आहे.

कोड वाचणाऱ्यासाठी सोय उत्तम आहे. अप्रूव्ह, रिक्वेस्ट चेंजेस आणि नुसती कॉमेंट असे तीन निकाल 2016 पासून आहेत. कॉमेंट टाकताना ‘अ‍ॅड सिंगल कॉमेंट’ न दाबता ‘स्टार्ट अ रिव्ह्यू’ दाबा. मग सगळ्या कॉमेंट तुमच्याकडेच थांबतात आणि निकालासोबत एकदम जातात. पूर्ण पीआर वाचून झाल्यावर सुरुवातीच्या निम्म्या शंका फिटलेल्या असतात. त्या पाठवण्याआधी खोडता येतात आणि समोरच्याच्या इनबॉक्सवर मेलचा मारा होत नाही.

रिक्वेस्ट चेंजेस मात्र जपून वापरावं. जिथे अप्रूव्हल सक्तीचं आहे तिथे हा शेरा मारणाऱ्याने स्वतः नंतर अप्रूव्ह करेपर्यंत, किंवा अधिकार असलेल्या कोणी तो रद्द करेपर्यंत, मर्ज अडतो. शेरा मारून सीनियर रजेवर गेला की टीम खोळंबते. डेटा जाणार असेल, सुरक्षेला भोक पडणार असेल किंवा एपीआयचा (इतर प्रोग्राम ज्यातून आपला कोड वापरतात त्या जोडणीचा) करार मोडत असेल तरच तो मारावा. व्हेरिएबलच्या नावावरून वाद असेल तर कॉमेंट लिहून अप्रूव्ह करावं.

‘सजेस्टेड चेंज’ हे सगळ्यात मोहात पाडणारं बटण. तुम्ही सुधारलेली ओळ लिहायची, समोरच्याने एका क्लिकवर कमिट करायची, म्हणजे बदल म्हणून नोंदवायची. टायपो, चुकीचा लॉग मेसेज यासाठी छानच. पण लॉजिकही असंच भरवलं तर ज्युनियर क्लिक करतो आणि का बदललं ते त्याच्या डोक्यात शिरत नाही. तिथे प्रश्न विचारावा: ‘ही यादी रिकामी आली तर काय होईल?’

कोणत्या फाइलचा रिव्ह्यू कोणाकडे जावा हे कोडओनर्स फाइल ठरवते. तिच्यात हमखास होणारी चूक म्हणजे ओळींचा क्रम. एखाद्या फाइलला अनेक नियम लागू पडत असतील तर शेवटचा जिंकतो. सगळ्या फाइलींना लागू होणारी तारांकनाची ओळ तळाशी ठेवली की वरचे सगळे नियम निकामी. ती पहिली हवी. मालक म्हणून माणसाचं नाव न लिहिता टीमचं लिहावं आणि टीमच्या सेटिंगमध्ये रिव्ह्यू आळीपाळीने वाटायची सोय चालू करावी. नाहीतर प्रत्येक पीआर एकाच सीनियरपाशी तुंबतो. टीमला त्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) राइट अ‍ॅक्सेस नसेल तर नियम लागूच होत नाही, हेही तपासावं.

आता उणिवा. पहिली: लेखकाने रिबेस करून (आपले कमिट नव्या पायावर पुन्हा रचून) फोर्स पुश केला, म्हणजे जुने कमिट पुसून नवे चढवले, की मागच्या वाचनानंतर नेमकं काय बदललं ते सापडणं अवघड होतं, बऱ्याच कॉमेंट ‘आउटडेटेड’ होऊन दुमडल्या जातात. गेरिट हे रिव्ह्यूचं दुसरं साधन इथे सरस आहे. त्यात प्रत्येक पॅचसेट (बदलाची प्रत्येक आवृत्ती) जपलेला असतो आणि कोणतेही दोन ताडून पाहता येतात. गिटहबवर उपाय म्हणजे रिव्ह्यू चालू असताना नवे कमिट वर चढवत जायचं आणि मर्ज करताना स्क्वॉश करायचं, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच कमिट करायचा. फोर्स पुश झालाच असेल तर स्वतःच्या मशीनवर गिटची (गिटहब ज्यावर उभं आहे त्या साधनाची) रेंज-डिफ कमांड कामी येते. ती कमिटच्या जुन्या-नव्या मालिका ताडून दाखवते आणि गिटच्या 2.19 आवृत्तीपासून आहे.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. पीआरने ज्या फाइलला हातच लावला नाही, तिच्या ओळीवर कॉमेंट करता येत नाही, आणि अनुभवी माणसाचा सगळ्यात मोलाचा आक्षेप नेमका तिथलाच असतो. टेबलमधल्या कॉलमचं नाव बदलणारा पीआर घ्या. मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट) आहे, कोड बदललाय, टेस्ट हिरव्या, डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) जेमतेम दहा-बारा ओळींचा. पण डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) टप्प्याटप्प्याने होत असेल तर जुने सर्व्हर अजून जुनंच नाव मागत असतात आणि तेवढा वेळ त्यांच्या क्वेरी फेल होतात. बरोबर क्रम असा: नवा कॉलम जोडा, दोन्हीकडे लिहा, जुना डेटा भरून घ्या, वाचन नव्यावर न्या, शेवटी जुना काढा. हे टप्पे वेगवेगळ्या डिप्लॉयमध्ये जायला हवेत. डिफ पाहून हे सुचत नाही. सिस्टम कशी चालते ते माहीत असावं लागतं. शिवाय कोड पूर्ण झाल्यावर हे सांगणं म्हणजे समोरच्याची मेहनत वाया घालवणं.

म्हणून डिझाइनचा कागद आधी यायला हवा. तो मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुराची) फाइल म्हणून पीआरमध्येच टाकता येतो आणि हे चांगलं चालतं, फक्त प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. अख्खा परिच्छेद एका ओळीत असला की कोणती कॉमेंट कोणत्या वाक्यावर आहे तेच कळत नाही. मर्ज झाल्यावर ती चर्चा फाइलसोबत दिसत नाही, तेव्हा कोणता पर्याय का नाकारला ते फाइलमध्येच लिहून ठेवा.

गिटहब प्रोफाइलवर रोजचं काम दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांवरून सीनियरचं काम जोखू नये. त्यांत मुख्य ब्रँचवरचे कमिट, उघडलेले इश्यू (अडचण किंवा कामाच्या नोंदी) आणि पीआर, दिलेले रिव्ह्यू मोजले जातात; इश्यूखाली लिहिलेल्या कॉमेंट मोजल्या जात नाहीत. चुकीचा प्रकल्प सुरू होण्याआधीच थांबवणारी कॉमेंट तिथे दिसणार नाही. बढतीच्या अर्जात असे निर्णय लिंकसकट वेगळे लिहावे लागतात.