एडिसनच्या घरात ओकच्या जमिनीचं सँडिंग: आमचा अनुभव

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं घर 1950च्या दशकातलं, केप कॉड पद्धतीचं, म्हणजे छोटं, उतरत्या छपराचं. खालच्या मजल्यावर दिवाणखाना, जेवणाची खोली आणि पॅसेज, सगळीकडे लाल ओकच्या लाकडाच्या सव्वादोन इंच रुंद पट्ट्या. आधीच्या मालकांनी त्यावर कार्पेट ठोकलं होतं. ते काढलं तेव्हा भिंतीकडेला खिळ्यांची भोकं, जागोजागी स्टेपलच्या पिना, स्वयंपाकघराच्या दारापाशी पॉलिश उडून करडं पडलेलं लाकूड आणि खिडकीखाली एक काळाकुट्ट डाग निघाला. हे सगळं घासून नवं पॉलिश करायचं काम जवळच्याच क्लिफ्टनकडच्या, मूळ पोलंडच्या एका बाप-लेकाला दिलं. काम अतिशय चांगलं झालं. नेमकं काय चांगलं झालं ते सविस्तर लिहिते, कारण इथल्या कितीतरी मराठी घरांत कार्पेटखाली अशीच जमीन दडलेली आहे.

आधी दोघांकडून भाव घेतले होते. एकाने फोटो बघून फोनवरच आकडा सांगितला. दुसरा आला, उभ्या उभ्या खोली बघितली आणि म्हणाला, 36 नंबरच्या पेपरने सुरुवात करतो, सगळं कोरं करून देतो. (सँडपेपरचा नंबर जितका लहान तितका तो खरखरीत.) तिसरे हे वडील. आल्या आल्या ते गुडघ्यावर बसले, जमिनीतली हीटिंगची जाळी उचलली आणि टॉर्च लावून पट्टीची कापलेली कड बघितली. पट्ट्या पाऊण इंच जाड असल्या तरी त्या एकमेकींच्या खाचेत अडकवलेल्या असतात, त्यामुळे घासता येतं ते फक्त खाचेच्या वरचं लाकूड, नव्या पट्टीत जेमतेम पाव इंच. एका पूर्ण सँडिंगमध्ये त्यातलं साधारण मिलिमीटरभर जातं. जास्त घासलं तर खालचे खिळे वर दिसायला लागतात आणि मग पट्ट्याच बदलाव्या लागतात. आमची जमीन पूर्वी एकदा घासलेली आहे हे त्यांनी ती कड बघूनच सांगितलं. भाव तिघांत सर्वांत जास्त, चौरस फुटाला साडेपाच डॉलर. माझा निर्णय त्या जाळीपाशीच झाला होता.

जमीन घासणाऱ्याची परीक्षा मी यातच मानते, की तो किती कमी लाकूड काढतो. 36 नंबरने काम झटपट होतं खरं, पण खोल ओरखडे पडतात आणि ते घालवायला आणखी लाकूड काढावं लागतं. यांनी कोपऱ्यात आधी 60 नंबरचा एक पट्टा मारून बघितला. जुनं पॉलिश वितळून पेपर चिकटायला लागला तेव्हाच 40वर आले, आणि मग 60, 80, 100 असे एकही टप्पा न गाळता वर गेले. लेक मोठं ड्रमचं मशीन चालवत होता. तो चालायला लागल्यावरच ड्रम खाली टेकवायचा आणि थांबायच्या आधी उचलायचा. मशीन एका जागी थांबलं की तिथे वाटीसारखा खड्डा पडतो. आमच्या गल्लीतल्या एका घरात असे खड्डे मी पाहिलेत, संध्याकाळचं तिरपं ऊन आलं की सगळी खोली लाटांची दिसते.

कडेचं काम वडिलांनी स्वतःकडे ठेवलं. कडेचं गोल फिरणारं मशीन अर्धचंद्राकृती ओरखडे सोडतं, ते त्यांनी हाताने पेपर मारून काढले. कोपऱ्यांत आणि दाराच्या चौकटीपाशी मशीन पोचत नाही, तिथे बसून हातातल्या पात्याने खरवडलं, मधून मधून पात्याला कानसेने धार लावत.

खिडकीखालचा डाग घासून जाणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्याला पाणी आणि लोखंड मिळालं की लाकूड आतपर्यंत काळं पडतं. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई व्हायची, तेच हे. त्यांनी तेवढ्या पट्ट्या काढल्या आणि तिथे बसवायला कोटांच्या कपाटाच्या तळातल्या पट्ट्या उचलल्या. कपाटात नव्या घातल्या. एकाच वयाचं, एकाच घरातलं लाकूड असल्यामुळे आता जोड शोधूनही सापडत नाही. पट्ट्यांमधल्या फटी भरून द्या म्हटलं तर त्याला मात्र नकार. हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी होते, पट्ट्या आकसतात. उन्हाळ्यात त्या फुगल्या की भरलेलं सगळं बाहेर ढकललं जातं.

मशीनला व्हॅक्यूम जोडलेला होता. रोज जाताना ते भुशाची पिशवी घरात किंवा गॅरेजमध्ये न ठेवता बाहेर, भिंतीपासून लांब, झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवायचे. पॉलिश मिसळलेला भुसा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. ही गोष्ट न सांगता पाळणारा माणूस मला हवा होता.

पॉलिशसाठी तेलाचं पॉलियुरेथेन स्वस्त पडतं, पण वास दिवसेंदिवस राहतो आणि लाकूड हळूहळू पिवळसर होतं. सासूबाईंना दम्याचा त्रास, म्हणून पाण्याचं घेतलं, बोना ट्रॅफिक एचडी. मॅट, रंग न देता. लाल ओकची किंचित गुलाबी झाक त्यात तशीच राहते. ज्यांना ती आवडत नाही त्यांनी आधी एका कोपऱ्यात नमुना लावून बघावा. पॉलिशच्या दोन थरांच्या मध्ये बारीक पेपर फिरवला. दुसऱ्या दिवशी मोजे घालून चालायची परवानगी मिळाली, गालिचा मात्र आठवडाभर नाही.

आपण घरात अनवाणी वावरतो, जमिनीवर बसतो, त्यामुळे खरी पारख पायाला होते. पॅसेजमध्ये डोळे मिटून चालून बघितलं, कुठेही उंचसखल लागत नाही. सासूबाई भाजी निवडायला खालीच बसतात. त्यांनी तळहात फिरवला आणि म्हणाल्या, "हाताला काहीसुद्धा लागत नाही गं." पाट सरकवला तर ओरखडा पडेल का, ही काळजी त्यांनाही होती. ओक सागवानापेक्षा कठीण असतो, लाकडाचा कठीणपणा मोजणाऱ्या जांका मोजणीत लाल ओक 1290 आणि सागवान 1070च्या आसपास, तरी पाटाखाली आणि खुर्च्यांना फेल्टचे तुकडे लावून घेतले आहेत. पुसायला ओलसर कापड, बादलीभर पाणी नाही.

दोन गोष्टी खटकल्या. जिन्याच्या पायऱ्या घाईत झाल्या, तिसऱ्या पायरीच्या नाकावर पॉलिशचा ओघळ सुकलेला दिसतो. सांगितल्यावर लेक येऊन घासून गेला, पण चमक थोडी वेगळी राहिली. आणि भुसा नव्वद टक्के पकडला गेला असेल, उरलेला स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बसला. कपाटांना आणि व्हेंटना प्लास्टिक आपणच आधी चिकटवून घ्या.

वरच्या दोन खोल्या ऑक्टोबरमध्ये याच बाप-लेकाला देतोय. तिथली जमीन पाइनची आहे, मऊ, त्यामुळे 60च्या खाली जाणार नाही असं वडिलांनी आत्ताच सांगून ठेवलंय.