वाळूज सोडल्यावर थ्रीडी की टूडी?

वाळूज एमआयडीसीत आठ वर्षं मी फिक्श्चरं, म्हणजे काम चालू असताना पार्ट घट्ट धरून ठेवणारे साचे, डिझाइन केली. ॲनिमेशनला आलो त्याला आता चौथं वर्ष. मेकॅनिकलवाले, आयटीतले मित्र भेटले की विचारतात, थ्रीडी (कॉम्प्युटरात मॉडेल उभं करून हलवणं) धरू की टूडी (एकेक चित्र हातानं काढणं)?

कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर यंत्रांची ड्रॉइंगं करणाऱ्याला थ्रीडी पहिल्या आठवड्यातच आपलं वाटतं. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि त्यातला हालचालीचा आलेख दाखवणारा ग्राफ एडिटर म्हणजे कॅमची (फिरता फिरता दुसरा भाग हलवणाऱ्या यंत्रभागाची) डिस्प्लेसमेंट डायग्रामच. कॉलेजात ती काढलेल्या माणसाला ईझ-इन, ईझ-आउट (हालचाल हळू सुरू होणं, हळू थांबणं) वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय पुण्याकडून मला विचारणा येते ती बहुतेक थ्रीडीचीच. घर चालवायची घाई असेल तर हा मुद्दा हलका नाही.

माझं घोडं अडलं ते बैलापाशी.

उदगीरकडं मामाचा देवणी बैल होता. त्यानं मान वळवली की वशिंड जरा उशिरानं कलायचं आणि लोंबते कान त्याच्याही मागून यायचे. एवढंच मला करायचं होतं. रिग केलं, म्हणजे मॉडेलात हलवायची हाडं बसवली; वेट पेंटिंग केलं, म्हणजे कुठल्या हाडानं कातडी किती ओढायची ते ठरवलं. मान वळली की वशिंड पंक्चर ट्यूबसारखं पिचकायचं. ते सावरलं की खांद्याला खळगा. मग जादा हाडं घाला, शेप की (हातानं घडवून साठवलेले आकार) लावा. पावणेतीन महिने गेले आणि हाती आलं चार सेकंदांचं ॲनिमेशन. नोकरी सुटली होती, फिक्श्चर काही सुटलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यात मजा येत होती, आणि तीच गोची होती. चित्र काढायचं टाळायला थ्रीडीत इंजिनिअरला भरपूर जागा सापडते.

वैतागून ब्लेंडरमधलीच ग्रीस पेन्सिल, म्हणजे टूडी चित्रं काढायची सोय, उघडली. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर 12 चित्रं. तीन सेकंदांची 36. दोन संध्याकाळी लागल्या. पाय अगदी खाटेचे खूर, पण वशिंड कललं, कान मागून आले. मामाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांचा फोन आला, "पाय चुकलेत रं, पण मान त्येचीच हाय."

टूडीत कच्चा हात झाकता येत नाही, हे मात्र पत्करावं लागतं. मी वर्षभर एसटी स्टँडवर बसून माणसं काढली: पिशवी सावरणारी, गाडीमागं पळणारी, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी. पगाराइतके पैसे सुटायला दीड वर्ष लागलं. थ्रीडी धरलेल्या मित्राचं सहा महिन्यांत जमलं. त्यामुळे घरी हप्ते चालू असतील तर माझं ऐकूच असं म्हणणार नाही. पण आधी घरातल्या कुणाचं तरी उठणं-बसणं 36 चित्रांत काढून बघा, कोर्सची फी नंतर भरा.

बैलगाडीचं चाक मी अजूनही थ्रीडीतच फिरवतो. प्रत्येक फ्रेमला सगळे आरे हातानं काढायची हौस मला नाही.