पहिल्या आठवड्यात उतरलेले साडेतीन किलो

मागच्या दिवाळीनंतर माझं वजन ७८ किलोवर गेलं. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे. शाळेचे दोन जिने चढताना धाप लागायला लागली होती. भिशीतल्या एकीने नुकतंच 'वेलनेस कोच'चं काम सुरू केलं होतं. वजन उतरवायच्या कॅप्सूल दाखवून ती म्हणाली, "ताई, यात गार्सिनिया आहे. म्हणजे आपल्या कोकमाचाच भाऊ. कोकमाने कधी कुणाला अपाय झालाय का?" मी चिपळूणची. माहेरच्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाचीच, दोन झाडं आहेत, आगळ (कोकमाचा घट्ट रस) घरचं असतं. एवढं ऐकल्यावर पुढे काही विचारावंसं वाटलंच नाही.

तीन महिन्यांचा कोर्स ८,४०० रुपयांचा. कॅप्सूलच्या तीन बाटल्या, रात्री घ्यायच्या 'डिटॉक्स चहा'ची पाकिटं आणि मोबाइलवर आलेला आहाराचा तक्ता. भात-पोळी बंद, दोन्ही वेळा मुगाचं कढण आणि काकडी. पावती मागितली तर म्हणाली, "आपल्यात कसली पावती!"

आठव्या दिवशी काट्यावर ७४.५ दिसलं. काटा आमचाच, घरचा. डोळ्यांनी बघितल्यावर शंका घेणार तरी कशी? मी स्वतः आणखी दोघींना नंबर दिला. याचं मला आज सगळ्यात वाईट वाटतं.

ते साडेतीन किलो कशाचे होते, ते नंतर समजलं. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. साडेतीन किलोंच्या झाल्या सुमारे २७,०००. माझ्यासारखी बाई दिवसाला फार तर दोन हजार खर्च करते, म्हणजे आठवडाभर कडक उपास केला असता तरी एवढी चरबी जळली नसती. भात-पोळी एकदम बंद केली की शरीरात साठवलेली साखर संपते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी निघून जातं. उरलेलं काम चहाने केलं होतं. एकदा सासूबाईंनी त्याचं पाकीट ताटलीत ओतलं, एक पान बोटांत चोळून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर सोनामुखी. पोट साफ व्हायला आम्ही कधीमधी घ्यायचो. रोज कोण घेतं?" मी तो चहा महिनाभर रोज घेत होते.

दुसऱ्या महिन्यात वजन ७४ वरच अडकलं आणि त्रास मात्र सुरू झाला. तोंड सारखं कोरडं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, भूक अजिबात नाही, छातीत धडधड. कोच म्हणाली, "टॉक्सिन बाहेर पडतायत, बंद करू नका." वर्गात फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा दवाखान्यात गेले. बी.पी. १५८/१००, नाडी ११२. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टरांनी आधी बाटली आणायला लावली. त्यांनी सांगितलं की 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा कॅप्सूलमध्ये सिबुट्रामिन मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं जगभर झाली आहेत. हे भूक मारणारं औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ साली बंद झालं. माझ्या बाटलीत तेच होतं का, हे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, म्हणून मीही तसं म्हणत नाही. कॅप्सूल बंद केल्यावर दहा दिवसांत झोप आणि नाडी ठिकाणावर आली, एवढं मात्र खरं.

आणि कोकमाचा तो भाऊ? १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे त्याची चाचणी झाली होती. आहार सगळ्यांचाच कमी केलेला. काहींना गार्सिनिया दिलं, काहींना औषध नसलेल्या गोळ्या. गार्सिनियावाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, नुसत्या गोळ्यांवाल्यांचं ४.१. जे उतरलं ते आहाराने. शिवाय गार्सिनिया असलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. सोलकढीवरून कॅप्सूलमधल्या अर्काचा अंदाज बांधला, तिथे मी चुकले.

बाटली आधीच नीट वाचली असती तर? तळाला बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलं होतं, आणि कोच तीच थायरॉइडवर गुणकारी म्हणून विकत होती. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, परवाना क्रमांक १४ आकडी असतो. माझ्या बाटलीवरचे आकडे नखाने एकेक मोजले, तेरा भरले. आणि चौदा भरले असते तरी तो परवाना अन्नपदार्थ विकण्याचा असतो. वजन उतरेल याची हमी त्यात कुठेच नसते. लठ्ठपणा घालवणाऱ्या औषधाची जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे दिल्याचा मोबाइलवरचा पुरावा आणि तिचे मेसेज जपून ठेवले होते, ते आता कामी येतायत. उरलेल्या कॅप्सूल फेकलेल्या नाहीत. तुम्हीही फेकू नका, तपासणीला त्याच लागतात.

मी नंबर दिला होता त्या दोघींना त्याच संध्याकाळी फोन केला. एकीने लगेच बंद केलं. दुसरी म्हणाली, "माझे चार किलो उतरलेत की!" तिला बी.पी. मोजून घ्यायला सांगितलंय. रोज विचारते. अजून गेलेली नाही.