जुना पियानो: थेट विकावा की वाद्यविक्रेत्याला द्यावा?

घरात कुणी वाजवत नाही असा उभा पियानो विकायला काढलेल्या एका मैत्रिणीला हा प्रश्न पडला आहे.

पैशाच्या बाबतीत थेट विक्री सरस, सगळी रक्कम तुमची. विक्रेता कमी भाव देतो, पण त्यात मला लबाडी दिसत नाही. ट्यूनिंग, आतल्या हातोड्यांवरच्या झिजलेल्या फेल्टची (लोकरीच्या दाबलेल्या थराची) दुरुस्ती, वाहतूक आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत अडलेली जागा, सगळा भार त्याच्यावर येतो.

वेळ? विक्रेता रोखीनं घेत असेल तर काम लगेच संपतं. थेट विक्रीला महिने लागू शकतात.

खरा फरक मेहनतीत आहे. पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण 15 टनांहून अधिक भरतो. तारांच्या खुंट्या सैल असतील तर सूर टिकत नाही, आणि बाहेरच्या पॉलिशवरून ते कळत नाही. म्हणून थेट विकताना आधी तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्याच. अनुक्रमांकावरून बहुधा निर्मितीचं वर्ष कळतं, तो जाहिरातीत द्या. आतले फोटो आणि सगळ्या 88 पट्ट्या वाजवल्याचा व्हिडिओही हवा. दोष लपवू नका. पट्ट्या हस्तिदंती असतील तर विक्रीचा कायदा आधी पाहा. हलवायला अनुभवी माणसंच बोलवा, वजन 200 किलोच्या पुढे जाऊ शकतं.

नामवंत बनावटीचा, सुरात असलेला पियानो असेल आणि घाई नसेल, तर थेट विका. घर रिकामं करायचं असेल किंवा दुरुस्ती मोठी असेल, तर विक्रेताच बरा.