आखेनमधील अकरा महिने, दोन खोल्या : परदेशी विद्यार्थिनीचा वापरानंतरचा अनुभव

मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेतून, म्हणजे आमच्या घरी आजही ज्याला कलाभवनच म्हणतात तिथून, पदवी घेऊन मी सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीतील आखेन येथे पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले. तिथे पहिले तीन महिने मी एका सामायिक घरातील पोटभाड्याच्या खोलीत राहिले आणि जानेवारीपासून विद्यार्थी-वसतिगृहात राहते आहे. गणपतीसाठी घरी आल्यापासून ओळखीचे पालक रोज जागेविषयीच विचारत आहेत, म्हणून दोन्ही जागांचा अनुभव एकदाच नीट लिहून ठेवते.

पहिली खोली दुसरीपेक्षा मोठी, अधिक उजेडाची आणि विद्यापीठापासून चालत दहा मिनिटांवर होती. तरीही मला कोणी विचारले तर मी दुसरीच सुचवीन, कारण पहिल्या खोलीला मला आपला पत्ता म्हणता येत नव्हते.

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरी कार्यालयात आपला पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात आणि तिच्यासाठी जागा देणाऱ्याने सही केलेले, अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून येथे राहते असे सांगणारे पत्र लागते. ही कल्पना मला नवी नव्हती. आमच्या माडीवरच्या खोलीत पूर्वी एक केनियाचा विद्यार्थी राहत असे, तेव्हा परदेशी माणूस ठेवला की चोवीस तासांत सरकारला कळवावे लागते म्हणून बाबांनी त्याचा फॉर्म त्याच संध्याकाळी भरलेला मी पाहिला होता. जागा देणारा असा कागद आपणहून करून देतो, असे मी त्यामुळे गृहीत धरले आणि खोली ठरवताना तो प्रश्न विचारलाच नाही. ही माझी सर्वांत मोठी चूक.

ज्याने मला खोली दिली तो स्वतः त्या घराचा भाडेकरू होता आणि मला पोटभाडेकरू ठेवल्याचे त्याने घरमालकाला कळवलेले नव्हते. त्यामुळे तो पत्राची गोष्ट पुढे ढकलत राहिला. पत्र नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून मी निवडलेली बँक खाते उघडेना, आणि खाते नाही म्हणून व्हिसासाठी अडकवून ठेवलेले माझे स्वतःचे पैसे मला मिळेनात. त्या वर्षी विद्यार्थ्याने बंदिस्त खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे होते आणि त्यांतून दरमहा ९९२ युरो हाती येतात, पण ते येण्यासाठी तिथले चालू खाते लागते. बाबांनी वडोदऱ्याहून फॉरेक्स कार्डात भरलेल्या रकमेवर मी सात आठवडे काढले. शेवटी त्या मुलाने घरमालकाची परवानगी घेतली, पत्र मिळाले आणि नोव्हेंबरच्या मध्यावर नोंदणी झाली. उशीर झाला तेव्हा मी वेळ मागणारे सर्व ईमेल जपून ठेवले होते, ते नोंदणीच्या वेळी दाखवता आले.

त्यानंतरही एक गोष्ट अडली. नोंदणी झाली की कर-क्रमांकाचे पत्र टपालाने घरी येते, आणि टपालपेटीवर आपले आडनाव नसेल तर टपालवाला ते टाकत नाही. आपल्याकडे पोस्टमन गल्लीत नुसते विचारूनही पत्र पोहोचवतो, त्यामुळे पेटीवरची ती लहानशी पट्टी किती महत्त्वाची आहे हे माझ्या लक्षात आले नाही आणि पत्र परत गेले. वसतिगृहात गेल्यावर सामान उघडण्याआधी मी पेटीवर नाव चिकटवले.

भाड्याचा हिशेबही आधी समजून घ्यावा. जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि वार्ममीटे म्हणजे खोली गरम ठेवण्याचा खर्च, पाणी, कचरा वगैरे धरून होणारे भाडे असे दोन आकडे असतात. वीज आणि इंटरनेट दुसऱ्या आकड्यातही असेलच असे नाही. माझ्या पहिल्या खोलीचे हे आकडे ३४० आणि ४३० युरो होते, वीज वेगळी. वसतिगृहात सर्व धरून ३२५ युरो पडतात. शिवाय प्रत्येक निवासामागे दरमहा १८.३६ युरो प्रसारण-शुल्क, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीची वर्गणी, आहे. पहिल्या घरात ते आम्ही तिघांत वाटून घेत होतो, वसतिगृहातील माझी खोली स्वतंत्र निवास धरली गेल्यामुळे आता ते पूर्ण मलाच भरावे लागते. तरीही वसतिगृह स्वस्तच पडते.

अनामत तिथल्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी असते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. हे मला माहीत नव्हते, म्हणून मी दोन महिन्यांची रक्कम एकदम दिली. खोली सोडताना भिंतीवरच्या एका डागाचे पैसे कापण्याची भाषा झाली, पण राहायला गेल्या दिवशीच एका ज्येष्ठ विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून मी खिडक्या, भिंती, गादी, नळ अशा सगळ्यांचे फोटो काढून पाठवून ठेवले होते. तो डाग त्या फोटोत होता. एप्रिलमध्ये अनामत पूर्ण परत आली.

खोली शोधताना वडोदऱ्यात बसून मी साठाहून अधिक ठिकाणी लिहिले आणि त्यांतील सात-आठांनीच उत्तर दिले. एका जाहिरातीत मालक स्पेनमध्ये असल्याने जागा दाखवता येणार नाही, अनामत पाठवा म्हणजे किल्ली कुरिअरने येईल, असे होते. आईने ते पत्र वाचून एवढेच विचारले, की दांडिया बाजारात तरी आपण न पाहिलेल्या जागेचे पैसे देऊ का? मी पैसे पाठवले नाहीत. नंतर तीच छायाचित्रे दुसऱ्या शहराच्या जाहिरातीत दिसली. ज्या घरात राहिले तिथल्या मुलांनी मात्र व्हिडिओ कॉलवर दारापासून न्हाणीघरापर्यंत सगळे फिरून दाखवले होते.

आखेनची एक खास अडचण सांगितली पाहिजे. गावाला लागूनच नेदरलँड्समधील फाल्स हे गाव आहे, विद्यापीठातून तिथे बस जाते आणि अनेक विद्यार्थी तिथे राहतात. ते युरोपीय संघाचे नागरिक असतील तर ठीक. आपला निवास-परवाना जर्मनीचा असतो आणि तेवढ्यावर दुसऱ्या देशात कायमचे राहता येत नाही, म्हणून तिथली खोली कितीही चांगली वाटली तरी आपल्यासाठी ती नाही.

वसतिगृहासाठी मी प्रवेशपत्र हाती आले त्याच आठवड्यात, मे महिन्यात, व्हिसाची वाट न पाहता अर्ज केला होता, तरी जागा जानेवारीत मिळाली. माझ्याबरोबरच्या ज्यांनी व्हिसानंतर अर्ज केला ते अजून थांबलेले आहेत. खोली जेमतेम पलंग, टेबल आणि कपाट मावेल एवढी आहे, आणि बारा जणांत एक स्वयंपाकघर आहे. सुरुवातीला मला फोडणीची धास्ती वाटे. हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवून वरण-भात आणि पोळ्या केल्या तर वास तर राहतोच, शिवाय वाफेने भिंतीला बुरशी धरते, आणि बुरशी ही तिथे भाडेकरू व मालक यांच्यातील नेहमीच्या भांडणाची गोष्ट आहे. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटे खिडकी सताड उघडायची आणि तेवढा वेळ हीटर बंद करायचा, हे वळण लावून घेतल्यावर त्रास झाला नाही. रात्री दहानंतर मिक्सर लावायचा नाही, हेही लवकरच अंगवळणी पडले. एक कोरियन मैत्रीण आता माझ्याकडून थालीपीठ शिकते आहे.

उत्तर न देणाऱ्या त्या पन्नासांपैकी किती जणांनी माझे नाव पाहून पत्र बाजूला ठेवले, हे कळण्याचा मार्ग नाही, पण तो विचार मनातून जात नाही. आमच्याच शहरात १९१७ साली, परदेशी शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नव्हती. माडीवरच्या खोलीच्या फलकावर आम्ही वर्षानुवर्षे ‘फक्त शाकाहारी’ असे लिहीत आलो. या वेळी घरी बोलून ती ओळ मी काढायला लावली. बाबांना ते लगेच पटले नाही, पण त्यांनी फलक बदलला.

शेजारचा एक मुलगा येत्या महिन्यात आखेनलाच निघाला आहे. त्याला मिळालेली खोली छान आहे, भाडेही परवडणारे आहे. नोंदणीचे पत्र मिळेल का, या त्याच्या प्रश्नाला मात्र समोरून अजून लेखी उत्तर आलेले नाही, आणि ते येईपर्यंत अनामत पाठवू नको असे मी त्याला काल सांगितले आहे.