फिबिसचा फुकट सर्च: सासूबाईंचे खापरपणजोबा सापडले, माझे नाही

आमच्या सासूबाई यॉर्कशायरच्या. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या एकच वाक्य चालत आलंय, की आपला एक पूर्वज इंडियात तोफखान्यात होता. बस, एवढंच. सून पुण्यात शिकलेली आहे म्हटल्यावर त्याला शोधायचं काम माझ्याच गळ्यात पडणार होतं आणि पडलंच. तर आधी एका पैसेवाल्या साइटचं सबस्क्रिप्शन घेतलं (नाव नको, कारण पुढे शिव्या आहेत), आणि मग कोणीतरी फिबिस सांगितलं, म्हणजे फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी. हा रिव्ह्यू मुख्यतः फिबिसचा आहे.

फिबिस ही १९९८ साली सुरू झालेली संस्था, बरंचसं काम व्हॉलंटिअर लोक करतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे रेकॉर्ड आहेत, त्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, पेपरातल्या बातम्या, कबरींवरचे लेख असं काय काय बसून उतरवून काढतात आणि डेटाबेसमध्ये टाकतात. बहुतेक सर्च फुकट. साइट दिसायला एकदम जुनाट, मोबाइलवर तर वैतागच, लॅपटॉपवरच बघा. पण आडनाव टाकलं की वर्ष, ठिकाण, रेकॉर्डचा नंबर समोर येतो. नंबरात एन/३ दिसलं की समजायचं मुंबई इलाखा, एन/१ बंगाल, एन/२ मद्रास. इथल्या पाद्र्यांनी नोंदी करायच्या, त्याच्या नकला लंडनला पाठवायच्या असा नियमच होता, म्हणून हे सगळं टिकलं.

आता जनगणनेचं. इंग्लंडात १८४१ पासूनचे घरोघरचे नावनिशीवार कागद बघायला मिळतात, पण १८४१ च्या वयांवर अजिबात विश्वास ठेवू नका, १५ च्या वरच्या लोकांचं वय साधारण पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलंय, म्हणजे २९ वर्षांचा बाप्या २५ चा होतो. १८५१ पासून नातं, वय, जन्माचं गाव असं नीट मिळतं. शिपाई स्वतः परदेशात असेल तर तेव्हाच्या जनगणनेत तो नसतोच, मग तो परत आल्यानंतरची जनगणना उघडायची आणि त्याला सोडून पोरांकडे बघायचं! आमच्या केसमध्ये १८८१ च्या कागदावर म्हातारा आर्मी पेन्शनर म्हणून बसलाय आणि खाली तीन पोरं, एकाचा जन्म पूना, एकाचा किर्की, एकाचा अहमदनगर, सगळ्यांपुढे ईस्ट इंडीज. पोरांची वयं वजा केली की बापाची पलटण कोणत्या साली कुठे होती त्याचा अख्खा नकाशाच हातात.

पण पैसेवाल्या साइटच्या इंडेक्समध्ये काय होतं माहितीये का, किर्कीचं कोणीतरी कर्कबी करून ठेवलेलं. कर्कबी नावाची गावं इंग्लंडात ढीगभर आहेत, त्यामुळे ती साइट आम्हाला बिनधास्त लँकशायरला पाठवत होती आणि सासूबाई तिकडच्या चर्चला ईमेल करत बसलेल्या. मूळ कागदाचा फोटो उघडला तर स्वच्छ किर्की, आणि पुण्यात राहिलेल्या माणसाला खडकी ओळखायला काय वेळ लागतो. म्हणून सांगते, टाइप केलेल्या इंडेक्सवर थांबू नका, फोटो उघडा. कस्टमर केअरला दुरुस्ती कळवली, त्याचं उत्तर अजून यायचंय, रिन्यूअलचे पैसे मात्र वेळच्या वेळी कापले.

किर्की कळल्यावर फिबिसवर पाचेक मिनिटांत काम झालं. मधल्या पोराचा बाप्तिस्मा, बापाचा हुद्दा गनर. इथे फिबिसची दुसरी गोष्ट कामी आली, त्यांचं विकी. तिथे वाचल्यावर उलगडा झाला की हा माणूस आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे आर्टिलरीत, म्हणजे तोफखान्यात असणार, आणि १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपल्यावर कंपनीचे गोरे सैनिक राणीच्या फौजेत वर्ग केले, तोफखानेवाले रॉयल आर्टिलरीत गेले. म्हणजे एकाच माणसाची सुरुवातीची नोकरी ब्रिटिश लायब्ररीत आणि नंतरची लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. आम्ही नुसतं क्यूच्या कागदांत शोधत होतो, तिथे तो अर्ध्या आयुष्यापासूनच सुरू होतो.

क्यूचे जे कागद आहेत ना, डब्ल्यूओ ९७, पेन्शनीत निघालेल्या शिपायांचे, ते वाचताना खरंच थरारले. उंची, रंग, डोळ्यांचा रंग, केस, भरती व्हायच्या आधीचा धंदा, कोणत्या गावचा, वागणूक कशी, काय दुखणं. सासूबाईंच्या खापरपणजोबांचे डोळे ग्रे होते आणि भरतीआधी ते मजूर होते. फोटो एकही नाही पण माणूस डोळ्यासमोर उभा राहतो. फक्त एक लक्षात ठेवा, १८८३ च्या आधीचे यातले कागद पेन्शन मिळालेल्यांचेच आहेत, जो नोकरीत असताना कॉलऱ्याने गेला त्याचा कागद इथे मिळणार नाही, त्याला फिबिसच्या दफनांत शोधा. आणि विधवेचं लग्नही शोधा, कारण नवरा गेला की पलटणीतलं रेशन बंद व्हायचं, मग बायका काही महिन्यांत दुसऱ्या शिपायाशी लग्न करायच्या आणि पोरांचं आडनाव कधीकधी तिथेच बदलतं.

इथपर्यंत पाचपैकी पाच स्टार. आता माझं.

माझ्या माहेरचे खापरपणजोबाही त्याच मुंबई इलाख्याच्या फौजेत, साधारण त्याच काळात, सुभेदार होऊन पेन्शनीत आले आणि कॅम्प दापोलीत राहिले. दापोलीत पेन्शनवाल्यांची वस्तीच होती. फिबिसवर त्यांचं नाव टाकलं, शून्य. पैसेवाल्या साइटवर टाकलं तर तिने विचारलं, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का, आणि एक स्कॉटिश आडनाव सुचवलं 😄. यात फिबिसचा दोष नाही हो, देशी शिपायांच्या नोकरीचे कागद लंडनला जायचेच नाहीत, गेले ते फार थोडे. बाप्तिस्मा नाही त्यामुळे चर्चची नोंद नाही. आणि आपली जनगणना, १८७२ ची पहिली, मग १८८१ ला १७ फेब्रुवारीच्या रात्री सगळीकडे एकदम केलेली, त्यातले घरोघरचे कागद ठेवलेच नाहीत, बेरजा काढल्या, जातधर्माचे तक्ते छापले आणि झालं. रत्नागिरीचं १८८० चं गॅझेटियर उघडलं तर माझे खापरपणजोबा त्यात आहेत, पण एका आकड्याच्या पोटात. त्याच फौजेतल्या गोऱ्या गनरच्या डोळ्यांचा रंग लिहून ठेवलाय आणि सुभेदाराचं नावही सापडत नाही, याचा राग आला, अजून येतो.

देशी शिपायांची नावं मिळतात ती तुकड्यातुकड्यांत, मेडल रोलमध्ये (मेडल मिळालेल्यांच्या याद्या), नाहीतर कोरेगाव भीमाच्या स्तंभासारख्या ठिकाणी, तिथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलीयत, कितीतरी नावांच्या शेवटी ‘नाक’, म्हणजे महार शिपाई. आमच्यासाठी सध्या एकच धागा हाताला लागलाय, नाशिकला पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बरोबर वही काढतात, जुनी पानं मोडी लिपीत, त्यामुळे वाचणारा माणूस बरोबर न्या. आमच्या गुरुजींकडे दापोलीवाल्यांची वही निघाली, त्यात सुभेदारांच्या मुलाची नोंद आहे, बापाच्या नावासकट. पलटणीचा नंबर नाही. तरी काकांनी फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तेव्हा अख्ख्या ग्रुपवर दिवाळी.

तर रेटिंग. तुमचा पूर्वज गोरा किंवा अँग्लो-इंडियन असेल, किंवा गोव्याकडचा, मुंबई इलाख्यात नोकरीला असलेला ख्रिश्चन असेल, तर फिबिसवर आधी जा, पैसे नंतर कुठेही घालवा. कॅथलिक नोंदी जरा तुटक आहेत, आयरिश शिपायांच्या वंशजांनी धीर धरावा. इंग्लंडात राहत असाल तर पैसेवाल्या साइट स्वतः घेऊ नका, बऱ्याच पब्लिक लायब्ररीत त्या फुकट बघता येतात, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. देशी पलटणीतला पूर्वज शोधत असाल तर फिबिसला दोन स्टार, तेही विकीसाठी, पलटणींची बदललेली नावं आणि नंबर तिथे समजतात. कोणाकडे दापोलीच्या पेन्शनवाल्यांची काही यादी, घरातलं जुनं मेडल असं काही असेल तर मेडलची कड बघा, पुष्कळदा तिथे नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि मला नक्की कळवा.